जुन्या गावातली शाळा की बायपासवरची? पोराचं नाव घालण्याआधी

धुळे असो, जळगाव असो की नंदुरबार, एप्रिल लागला की घराघरात हाच विषय निघतो. पोरगी चौथी झाली, पाचवीला कुठं घालायची? पोरगा सातवीतून निघाला, आठवीला शाळा बदलायची का? समोर बहुतेक दोनच वाटा असतात. एक म्हणजे जुन्या गावातली, बाजारपेठेला चिकटलेली, आजोबा जिथं शिकले ती शंभर टक्के अनुदानित मराठी शाळा. दुसरी बायपासच्या बाजूला उभी राहिलेली, पिवळ्या बसवाली, स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे फीवर चालणारी, इंग्रजी माध्यमाची.

माझं मत आधीच सांगतो. घरात मराठी किंवा अहिराणी बोलली जात असेल आणि जुन्या शाळेत गणित, विज्ञान, इंग्रजीचे कायम शिक्षक जागेवर असतील, तर आठवी ते दहावीसाठी ती शाळा सरस आहे. शिक्षकांची अट पुरी होत नसेल, तर नुसत्या नावावर भुलून लेकराला तिथं घालू नका.

जुन्या शाळेचं पहिलं भांडवल तिचा इतिहास, म्हणून तोच आधी तपासू. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्जनं धुळं हे मुख्य ठाणं केलं आणि सरळ रेषेत पेठ आखली. आजही तिथं पत्ता गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा असाच सांगतात. अशा पेठांच्या आधारानं खानदेशातल्या शाळा वाढल्या. व्यापाऱ्यांच्या देणग्या, वकील-मास्तरांनी काढलेली मंडळं, लोकवर्गणी. अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठ यांचं नाव तिथल्या हायस्कूलला लागलं. याच हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वर्गाबाहेर ते वसतिगृह सांभाळत आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. रोज, हातानं. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. सप्टेंबर १९४२ मध्ये नंदुरबारच्या पेठेत पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. त्यात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमार शाळकरी वयाचा होता.

या इतिहासाचा रोजच्या कामाला येणारा भाग कार्यालयातल्या लोखंडी कपाटात असतो. जनरल रजिस्टर. जाड पुठ्ठ्याची वही, कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. नाव, जात-पोटजात, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, असे रकाने. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठ्यांसोबत सार्वजनिक शाळांची दारंही अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी कागदोपत्री उघडली. प्रत्यक्षात कोणाची पोरं किती उशिरा वर्गात पोचली, ते ही रजिस्टरं दाखवतात. आज जातपडताळणीसाठी लोक त्यांच्याकडेच येतात. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. आजोबांच्या नावापुढची एक ओळ नातवाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश वाचवते. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही शाळांची जुनी दप्तरं उघडावी लागली.

पण आजोबांची नोंद मिळवायला नातवाला त्या शाळेत घालावं लागत नाही. ज्यांनी दैनिक हातानं लिहिलं ते गुरुजीही आज नववीला शिकवत नाहीत. म्हणून इतिहासाबद्दल आदर ठेवा, मात्र प्रवेशाच्या हिशेबात त्यातून आजवर उरलंय तेवढंच धरा. ते थोडं नाही. मोकळं मैदान उरलेलं असतं, बायपासवरच्या कित्येक इमारतींना ते नसतं. उंच छताच्या, जाड भिंतींच्या खोल्या असतात. मार्चनंतर आपल्याकडे ऊन कसं तापतं हे सांगायला नको, पत्र्याखाली किंवा खालच्या स्लॅबखाली बसलेल्या पोराला विचारा. आणि प्रयोगशाळा असते.

एका जुन्या शाळेतला दहावीचा भिंगांचा तास मी पाहिलाय. सरांनी काचेचं बहिर्गोल भिंग हातात घेतलं, समोरच्या खिडकीकडे धरलं आणि मागं पांढरा कागद पुढेमागे सरकवला. गल्लीपलीकडचं कापडाचं दुकान, त्याची पाटी, लटकणाऱ्या साड्या, सगळं कागदावर उलटं उमटलं. पोरं बाकांवरून उठून आली. मग सरांनी भिंगापासून कागदापर्यंत पट्टी धरायला एका मुलीला बोलावलं. ‘हे नाभीय अंतर. पाठ करू नको, मोज.’ ते भिंग नवीन नव्हतं, कपाटात आणखी बरीच होती. असा तास बायपासवरच्या शाळेतही होऊ शकतो, स्मार्ट बोर्डावर भिंगाचं चलचित्र तर तिथं दिसतंच. भेटीला जाल तेव्हा एवढंच बघा, की भिंग पोरांच्या हातात जातं की नाही.

आता जुन्या शाळेची दुखरी बाजू. तिथं पट घसरतोय, आणि कारण फक्त इंग्रजीचं वेड नाही. धुळ्यातच बघा, माणसं जुन्या गावातून निघून देवपूर, वलवाडी, साक्री रोडच्या कॉलन्यांत राहायला गेली. गल्ल्यांत दुकानं आणि गोदामं उरली. शिक्षकांची पदं संचमान्यतेनं ठरतात, म्हणजे ३० सप्टेंबरच्या पटावर. पट घटला की तुकडी बंद, तुकडी बंद झाली की शिक्षक अतिरिक्त, मग त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत. राहिलेल्यांवर तासांचा भार वाढतो, भूगोलाच्या मास्तरांना इंग्रजी शिकवावं लागतं, ते पाहून आणखी चार पालक दाखला काढतात. पटासाठी मे महिन्याच्या उन्हात शिक्षक गावोगाव, दारोदार फिरतात. त्यांची ती पायपीट पाहिली की वाईट वाटतं, कारण ती वेळ त्यांनी पाठ तयार करण्यात घालवायची असते.

स्वच्छतेचंही तसंच. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित माध्यमिक शाळांतली शिपायांची नियमित पदं भरणं थांबलं, त्याऐवजी शिपाई भत्ता आला. पगाराशिवायच्या खर्चासाठी मिळणारं वेतनेतर अनुदानही तुटपुंजं. संडास घाण दिसला तर मुख्याध्यापकांचा आळस समजून परत फिरू नका, पण पोरींचा संडास मात्र स्वतः जाऊन बघा. बायपासवरच्या शाळेत फीमधून सफाई कामगार ठेवता येतो, आणि ही गोष्ट मुलीच्या बापानं हलकी धरू नये.

शिक्षकांबाबत दोन्हीकडची स्थिती पाहू. अनुदानित शाळेत निवड पवित्र पोर्टल या सरकारच्या ऑनलाइन शिक्षकभरतीतून होते. माध्यमिकला पहिली ३ वर्षं शिक्षण सेवक म्हणून १८,००० रुपये मानधन आणि पुढं नियमित वेतनश्रेणी, सरकारी तिजोरीतून. त्यामुळं शिक्षक टिकतात. पाचवीत ज्यांनी हजेरी घेतली तेच दहावीला गणित शिकवताना दिसतात, त्यांना पोराचं घरही माहीत असतं. टिकण्याची दुसरी बाजू अशी, की न शिकवणाराही टिकतो. स्वयंअर्थसहाय्यित शाळा २०१२ च्या कायद्यानं उभ्या राहिल्या, पगार फीवर चालतो. चांगल्या शाळा नीट पगार देतात आणि चांगली माणसं राखतात. बाकीच्या ठिकाणी जूनमध्ये आलेली मॅडम दिवाळीनंतर दिसत नाही. म्हणून शाळा कोणतीही असो, एक प्रश्न जरूर विचारा: नववी-दहावीला गणित कोण शिकवतं, आणि ते इथं किती वर्षं आहेत? उत्तर लगेच मिळालं नाही तर समजा काय ते.

माध्यमाचा प्रश्न सगळ्यांना छळतो, म्हणून थोडं थांबून बोलतो. बहुतेक जुन्या शाळांत आता सेमी इंग्रजीची तुकडी आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतूनच असतं, त्यामुळं सेमीच्या पोराला तिथं धक्का बसत नाही. नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात, हेही लक्षात ठेवा. पूर्ण इंग्रजी माध्यमात इतिहास-भूगोलसुद्धा इंग्रजीतून असतो. घरात कोणी वाचून समजावणारं असेल तर पोरगं ते पेलतं. नसेल तर उत्तरं घोकतं. संध्याकाळी आजी विचारते, ‘आज साळामा काय शिकाडं रे भो?’ आणि पोराला घरच्या भाषेत सांगता येत नाही, तेव्हा पोराचा दिवस घरापर्यंत पोचतच नाही. माझ्या लेखी हे मोठं नुकसान आहे.

उलटही तितकंच खरं. पहिलीपासून सातवीपर्यंत इंग्रजी माध्यमात चांगलं चाललेलं लेकरू केवळ फी वाचावी म्हणून आठवीला मराठीत आणू नका. सेमीत आणलं तरी मराठीतून इतिहासाचा पेपर लिहायला त्याला वर्ष-दीड वर्ष झगडावं लागेल.

पैशाचं थोडक्यात. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि शालेय पोषण आहार मिळतो. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास आहे, आणि जुनी शाळा बहुधा स्टँडपासून चालत जाण्याइतकी असते. बायपासच्या शाळेत फीशिवाय बस, गणवेश, वह्यांचा संच, स्नेहसंमेलन असं सगळं जोडा, मगच आकडा धरा. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं ठेवावी लागते. त्या समितीत कोण आहे, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दोन गोष्टी पालकांच्या नजरेतून सुटतात आणि दोन्ही आठवीशी जोडलेल्या आहेत. पहिली, आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेलेल्या पोराचं मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी भरावी लागते. त्यासाठी कुवत नसेल तर विचार सातवीतच करा, कारण दुसरी गोष्ट. एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते आणि ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतल्या मुलांना देता येते. पालकांचं उत्पन्न वर्षाला ३,५०,००० रुपयांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट). निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,०००. ज्या जुन्या शाळेत या परीक्षेचे जादा तास नेमानं होतात, तिथले शिक्षक जागे आहेत असं मी धरतो.

निकालाचे फलक दोन्हीकडे लागतात. ‘१०० टक्के निकाल’ वाचून थांबू नका. गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि दहावीला शाळेतर्फे किती बसली, हे दोन आकडे मागा. फरक मोठा असेल तर कच्च्या पोरांना वाटेतच काढलं जातंय. नाशिक विभागीय मंडळाच्या गुणपत्रिकेत ६०० पैकी सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० धरून टक्के काढतात, शिवाय इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३ गुण वाढीव मिळतात. चित्रकलेचे शिक्षक असलेल्या शाळेला हा फायदा आपोआप होतो. शाळेला लागून कनिष्ठ महाविद्यालय असेल तर अकरावीला १० टक्के इनहाऊस कोटाही आहे, म्हणजे तेवढ्या जागा त्याच शाळेच्या मुलांसाठी. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाल्यामुळं त्याचं मोल वाढलंय.

जुन्या शाळेच्या बाजूनं आणखी एक सांगतो, आणि मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं. तिथल्या वर्गात किराणा दुकानदाराचा पोरगा, कापडणे-सोनगीरकडून एसटीनं येणारी मुलगी आणि वसतिगृहात राहणारा पावरा किंवा भिल्ल मुलगा एकाच बाकावर बसतात. इतिहासाचे शिक्षक उत्साही असले तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद आणि समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं पाहायला वर्गच्या वर्ग नेता येतो. बायपासवरून हे अशक्य नाही, पण त्यासाठी बसचं भाडं गोळा करावं लागतं. दुसऱ्या बाजूला, शाळा सुटायच्या वेळी धुळ्याच्या बाजारपेठेतल्या पाच कंदीलकडची गर्दी, हातगाड्या आणि रिक्षा पाहिल्या की लहान पोराला सायकलवर पाठवायला जीव धजत नाही. पाचवीसाठी हे कारण पुरेसं वजनदार आहे, आठवीसाठी तेवढं नाही.

तेव्हा पाचवीला घराजवळची, कॉलनीतलीच मराठी शाळा चालेल. आठवीला जुन्या गावातल्या शाळेची सेमी तुकडी, शिक्षक पूर्ण असल्याची खात्री करून. घरात इंग्रजी वाचणारं माणूस असेल, पोरगं आधीपासून त्याच माध्यमात असेल आणि दहावीपर्यंतची फी डोळ्यांसमोर दिसत असेल, तर बायपासवरची शाळा बदलू नका.

बदलायचं ठरलंच, तर शाळा जूनच्या मध्यात उघडतात, त्याआधी एप्रिलमध्ये वर्ग चालू असतानाच सकाळच्या वेळी जाऊन बसा. दाखला मागताना जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी तिथल्या तिथं ताडून घ्या, जात-पोटजात बरोबर लिहिलीय ना तेही बघा. दहावीच्या फॉर्मवेळी दुरुस्तीला धावपळ करावी लागते ती यामुळंच. आणि नाव ३० सप्टेंबरच्या आत नव्या शाळेच्या ऑनलाइन पटावर चढलंय ना, हे वर्गशिक्षकांना विचारून घ्या.