मानदुखीच्या ‘पॅकेज’मध्ये 19,900 रुपये गेले, बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनो, सावध राहा

शहरातल्या एका फिजिओथेरपीच्या दुकानानं माझ्याकडून 17,500 पॅकेजचे आणि 2,400 उशीचे उकळले. क्लिनिक म्हणायला जीभ रेटत नाही. हातात पावती फक्त 500 रुपयांची, ‘सल्ला फी’ लिहिलेली. बाकीचे रोख घेतले. रोख देऊच नका.

हत्तरगी टोलनाक्यावर रांगेत थांबलेल्या आमच्या गाडीला मागून टेम्पोनं ठोकलं. त्या दिवशी काही जाणवलं नाही, दुसऱ्या दिवशी मान वळेना. अशा हिसक्याचं दुखणं बऱ्याचदा उशिराच वर येतं. तिथल्या पांढऱ्या कोटवाल्यानं एक्स-रे उजेडात धरला. "आक्का, मानेचा बाक गेलाय बघा. आत्ता केलं नाही तर हात लुळा पडतोय." 15 सिटिंगचे 21,000, आजच भरले तर 17,500. वर टेम्पोच्या विम्यातनं सगळं परत मिळतंय म्हणाला. 500च्या पावतीवर काय मिळणार, कपाळ?

स्नायू आखडले की एक्स-रेत बाक सरळ दिसतो, काही दुखत नसलेल्या माणसांचाही दिसतो, हे नंतर हाडांच्या डॉक्टरांकडून कळलं.

‘आजच भरले तर’ म्हणाला तिथंच उठायला हवं होतं! हात लुळा पडणार म्हणतो, आणि मुंग्या येतात का, पकड सैल झालीय का, एका शब्दानं विचारलं नाही. मानेला बोटसुद्धा लावलं नाही. पण रात्ररात्र झोप नसलेल्या माणसाला हे सुचणार कसं? भिंतीवर सर्टिफिकेटची फ्रेम होती, घरचेही भरून टाक म्हणाले. माझ्या जागी कुणीही भरले असते.

उपचार काय, तर मशीनचे ओलसर पॅड चिकटवायचे, टायमर लावायचा आणि तिथली कामाची मुलगी बाहेर मोबाईल बघत बसणार. वाजलं की "झालं आक्का". व्यायाम एकही नाही, उलट मानेचा पट्टा दिवसभर घाला. अशा दुखण्यात मान हळूहळू हलती ठेवणं हाच मुख्य इलाज, पट्टा फार दिवस घातला तर मान आणखी आखडते. व्यायाम न शिकवणाऱ्याकडं दुसऱ्यांदा जाऊ नका.

पैसे परत मागितले तर "पॅकेज रिफंड होत नाही". पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. आरोग्य खात्यात गेले तर अर्ज कन्नडमध्ये आणा. लिहून देणाऱ्याला 200 देऊन आणला, तर टेबलावरच्यानं न वाचताच "फिजिओ आमच्याकडं येत नाही" म्हणून परत सरकवला. कर्नाटकचा 2007चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा आहे, त्यात फिजिओथेरपी केंद्रं येतात, नोंदणी लागते, दर दर्शनी लावावे लागतात. हे मी यांना शिकवायचं? साहेब मीटिंगला, उद्या या. उद्या गेलं की साहेब दौऱ्यावर. अर्जाची पोच मागितली तर शिक्का नाही म्हणे! पगार कशाचा घेतात?

फिजिओथेरपीची पदवी (बीपीटी) आणि नोंदणी क्रमांक तोंडावर विचारा, पैसे एकेका सिटिंगचे द्या. हाताला मुंग्या किंवा कमजोरी असेल तर आधी डॉक्टर. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी तिथंच जातेय. तुम्हालाही कुणी असंच लुबाडलं असेल तर पावत्या, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज काहीही पुसू नका.