सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या टंच यंत्रात जाड एसडीडी (सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर) बसवून घेतला, त्याचा अनुभव

आमचं मूळ विट्याचं, गलाईचं (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं) दुकान कोईमतूरला. जुन्या एक्सआरएफ (क्ष-किरण मारून धातू ओळखणाऱ्या) टंच यंत्रात प्रपोर्शनल काउंटर, म्हणजे वायू भरलेला जुन्या पद्धतीचा डिटेक्टर होता. प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडतो, तीच त्याची रेषा. सोन्याची रेषा ९.७१ केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं माप), इरिडियमची ९.१८ ला, त्याला दोन्ही मिळून एकच टेकाड दिसायचं. इरिडियम घातलेल्या डागाचा (दागिन्याचा) टंच बिनदिक्कत ९१६, म्हणजे २२ कॅरेट यायचा. ते सोन्यात विरघळत नाही, मुशीत तळाला बसतं, तेव्हा कुठे कळायचं.

नव्या यंत्रात सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर आमच्या कामाच्या बेताने घेतला. त्यातली सिलिकॉनची नेहमीची चकती अर्धा मिलिमीटर जाड असते, आम्ही एक मिलिमीटरची मागितली. चांदीची रेषा २२ केईव्हीला, कॅडमियमची २३ ला. अर्ध्या मिलिमीटर सिलिकॉनमधून असले दोन तृतीयांश फोटॉन (क्ष-किरणांचे कण) आरपार जातात, एक मिलिमीटरमध्ये निम्मे तरी अडकतात. केडीएमचे (कॅडमियमच्या डाखाने जोडलेले) जुने डाग पुष्कळ येतात, त्यामुळे हा खर्च वसूल झाला. विक्रेता डिटेक्टरच्या तोंडाशी हलक्या मूलद्रव्यांसाठीची पातळ खिडकीही गळ्यात मारत होता. सोडियम, मॅग्नेशियम बघून आम्ही काय करणार? साधी बेरिलियमची घेतली.

इरिडियम आता सोन्याच्या डाव्या अंगाला स्वतंत्र उभं दिसतं. जस्तही बऱ्यापैकी सुटं होतं.

पण एक गोष्ट विक्रेत्याने सांगितली नव्हती. एसडीडी वेगवान म्हणून क्ष-किरणांच्या ट्यूबचा करंट चढवून पाच-दहा सेकंदांत रिपोर्ट काढायचा मोह होतो. तसं केलं की चोख लगडीतही रुथेनियम आणि पॅलेडियम निघतं! दोन फोटॉन एकदम आत आले की डिटेक्टर त्यांची बेरीज एकच धरतो. सोन्याच्या ९.७१ च्या दोन मिळून १९.४३, रुथेनियम १९.२८ ला. ९.७१ आणि ११.४४ मिळून २१.१५, पॅलेडियम २१.१८ ला. एवढा बारीक फरक एसडीडीलाही सुटा करता येत नाही. सॉफ्टवेअर ही बेरीज वजा करतं म्हणतात. आमच्याकडचं अर्धवटच करतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना असला रिपोर्ट निघाला तर भांडण ठरलेलं. शंका आली की करंट निम्मा करून पुन्हा बघा: खरं रुथेनियम असेल तर शिखर निम्म्यावर येतं, बेरजेचं असेल तर चौथाईवर.

द्रव नायट्रोजनची कटकट नाही, डिटेक्टर पेल्टियरवर (विजेवर चालणाऱ्या छोट्या कूलरवर) थंड होतो. मात्र उन्हाळ्यात खोली तापली की चकती ठरल्या तापमानाला टिकत नाही, शिखरं रुंदावतात. यंत्राच्या खोलीत एसी लावावाच लागला. डिटेक्टरच्या खिडकीवर धूळ दिसली तरी बोट किंवा कापूस लावू नका; ती फुटली की अख्खं मॉड्यूल गेलं, शिवाय बेरिलियम विषारी.

आणि जाड मुलाम्याचं नाणं आलं तर एसडीडी असो वा आणखी काही, एक्सआरएफला वरचे काही मायक्रॉनच दिसतात. तसलं आम्ही कापतो, नाहीतर सरळ फायर असेला (भट्टीत वितळवून शुद्धता काढण्याच्या चाचणीला) पाठवतो.