खाडीत जिताड्यासाठी रॉड, दोरी आणि लीडर: एका हंगामाच्या वापरानंतर

सर्व्हिस सेंटरने माझा मासेमारीचा रॉड जसाच्या तसा परत पाठवला. सोबतच्या कागदावर एकच ओळ: टिप गाईडचं (टोकाच्या, दोरी ओवायच्या कडीचं) नुकसान वापरामुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही. रॉड साडेपाच हजारांचा, बिघडलेला भाग शेंगदाण्याएवढा, आणि तेवढाही बदलून द्यायची तयारी नाही. कुरिअरचा जाण्यायेण्याचा खर्च माझ्याच खिशातून गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा दोष कुठल्याही रॉडला होऊ शकतो आणि तो ओळखायचा कसा, हे सांगणं जास्त गरजेचं वाटतं.

रॉड सात फुटी, मिडियम हेवी (मध्यमहून जरा दणकट), फास्ट ॲक्शनचा (टोकाकडेच वाकणारा). ४००० साइजचं स्पिनिंग रीळ, ३० पौंडी (एवढा ताण सोसणारी) चारपदरी ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी, पुढे ४० पौंडी लीडर, म्हणजे दोरी आणि लुअर (नकली आमिष) यांच्यामधला जाड तुकडा. गरवायची जागा धरमतर खाडीकडचा खारबांध (खारं पाणी अडवणारा बांध), उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या तोंडाशी. ओहोटी लागली की आतलं पाणी उघाडीतून खाडीत पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोय माशाची पिल्लं येतात आणि जिताडा मासा तिथेच दबा धरून असतो. मागे खारफुटी असल्यामुळे सात फुटांहून लांब रॉड तिथे फिरवता येत नाही.

पावसाळा संपल्यावर दोरी तुटायला लागली. माशाच्या ओढीने तुटली असती तर समजलं असतं, पण ती तुटायची कास्ट करताना, लीडरच्या गाठीच्या जरा वर. दोरी तुटली की लुअरही गेला. चांगला लुअर चारशे-पाचशेला येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी जीव हळहळायचा. दुकानदार म्हणाला, दोरी जुनी झाली, बदला. नवी भरली. तीही केसाळून तशीच तुटली.

तेव्हा कापसाचा बोळा घेऊन एकेका गाईडच्या रिंगमधून फिरवला. टोकाच्या रिंगमध्ये एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथे सिरॅमिकला भेग होती, इतकी बारीक की उजेडात धरूनही दिसेना आणि नखालाही लागेना. दोरी नेमकी तिथेच का तुटायची, तेही मग कळलं. माझा लीडर आखूड, हातभराचा. कास्टसाठी रॉड मागे नेला की गाठ टोकाच्या जरा बाहेर लोंबते आणि दोरीचा तिच्या वरचा भाग बरोबर त्या रिंगवर येतो. सगळा झटका तिथेच बसतो.

ही रिंग लुअर टोकापर्यंत गुंडाळून आदळला तर फुटते, रॉड दगडावर पडला तर फुटते, आणि लुअरचा गळ गाईडच्या रिंगमध्ये अडकवून ठेवायच्या सवयीनेही फुटते. मी लुअर नेहमी हुक कीपरलाच (मुठीजवळच्या, गळ अडकवायच्या कडीलाच) अडकवतो, म्हणून ‘वापरामुळे’ हा शब्द मला मान्य नाही. या किमतीच्या रॉडला टोकाला तरी धड रिंग असायला हवी. नवा रॉड घेणाऱ्यांनी दुकानातच कापूस फिरवून बघावा, दुकानदार काहीही म्हणो.

दुरुस्ती मात्र सोपी आहे. टिप गाईड बहुतेक वेळा गरम केल्यावर सुटणाऱ्या गोंदाने बसवलेला असतो. लायटरची ज्योत फक्त धातूच्या नळीला दाखवायची, रॉडच्या कार्बनला आच लागू द्यायची नाही. नळी तापली की गाईड सरळ ओढून काढायचा. रॉडच्या टोकाचा व्यास व्हर्नियरने मोजून त्या मापाचा नवा आणायचा. दोनशे रुपयांच्या आत काम झालं. त्यानंतर दोरी तुटलेली नाही.

लीडरबद्दल माझं मत हंगामात बदललं. सुरुवातीला पक्कं वाटत होतं की फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा, महागडा लीडर) म्हणजे पैशाची नासाडी. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा साधारण १.५३; हा आकडा पाण्याच्या जितका जवळ, तितका लीडर पाण्यात कमी दिसतो. म्हणजे फ्लुरोकार्बन तंगूसपेक्षा (नायलॉनच्या एकपदरी दोरीपेक्षा) कमी दिसतो, अदृश्य होत नाही. आणि धरमतरच्या गढूळ पाण्यात वीतभर खालचं काही दिसत नसताना त्याचा उपयोग काय? जिताड्याला टोकदार दात नसतात, पण तोंडाची कड कानशीसारखी खरखरीत आणि कल्ल्याचं झाकण धारदार असतं. तिथे लागतो तो जाड लीडर, आणि ते काम ४० पौंडी तंगूस स्वस्तात करतो. पॉपर (पाण्यावर तरंगणारा लुअर) वापरताना तर तंगूसच बरा, कारण फ्लुरोकार्बन वजनाला जड असल्याने पाण्यात बुडतो आणि लुअरचं नाक खाली ओढतो.

मग हिवाळ्यात मालवणकडे खडकांवर गेलो. पाणी नितळ, आणि जाड तंगूसवर मासा मागे यायचा, बघायचा, वळायचा. त्याच जागी फ्लुरोकार्बन लावल्यावर तांबोशी मासा लागला. त्यामुळे आता फ्लुरोकार्बनचं एक छोटं रीळ बाळगतो, फक्त नितळ पाण्यासाठी. खाडीत अजूनही तंगूसच.

ब्रेडेड दोरी आणि लीडर जोडायच्या गाठीत एफजी गाठीला पर्याय नाही. तिच्यात लीडरला पीळ पडत नाही, ब्रेडेड दोरीच त्याच्याभोवती विणली जाते, म्हणून ती बारीक राहते आणि लीडर लांब ठेवला तरी गाईडमधून न अडखळता जाते. वाऱ्यात होडीवर ती बांधणं कठीण आहे, कारण दोरी सतत ताणलेली हवी. तिथे डबल युनी ही गाठ चालते, थोडी जाड होते एवढंच. लुअरकडची कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने लीडर तापतो आणि तिथेच कमजोर होतो.

विजा चमकायला लागल्या की कार्बन रॉड खाली ठेवून बांधावरून उतरा. कार्बनमधून वीज वाहते.

माझ्या ब्रेडेड दोरीला चारच पदर असल्याने ती खरखरीत आहे, गाईडमधून आवाज करत जाते, पण कालवांवर घासूनही टिकली. हिरवा रंग उडून पांढरी पडली, तर त्यासाठी बदलू नका. ती ज्याची बनते ते पॉलिएथिलीन रंग धरतच नाही, मजबुतीवर त्याने फरक पडत नाही. रिळावर आधी तंगूसचा थर द्या. त्याने ब्रेडेड घसरत नाही आणि १५० मीटरमध्ये रीळ भरतं. झिजतात ते पुढचे पन्नासेक मीटर, मागची दोरी कोरी असते. हंगाम संपला की ती थेट दुसऱ्या रिळावर उलटी गुंडाळून घ्या, म्हणजे कोरं टोक पुढे येतं. माझी सध्या उलटी भरलेलीच आहे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत नवीन घ्यायची नाही.