स्टेपनी कॅरिअरच्या नावाखाली २१,१०० रुपयांचा चुना. जिप्सीवाल्यांनो, वाचा!

जिप्सी, थार, जिम्नी, गाडी कुठलीही असो, मागचा स्टेपनी कॅरिअर ऑनलाइन मागवायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. पेजचं नाव देत नाही. तक्रार चालू आहे, आणि नाव बदलायला त्या लोकांना पाच मिनिटं पुरतात.

माझी जिप्सी जुनी. कंपनीचे २०५/७० आर १५ टायर काढून २३५/७५ चे मोठे टाकले, स्टेपनीही तीच घेतली. मागचा दरवाजा एवढं वजन पेलायला बनलेलाच नाही. बिजागरीजवळ पत्र्याला बारीक चीर गेली, मग दरवाजा लोंबायला लागला. बंद करताना गुडघा लावून उचलायचा, तेव्हा कुठे लॉक बसायचं. यावर इलाज एकच, स्टेपनी दरवाज्यावरून काढायची आणि चॅसीला, म्हणजे गाडीखालच्या सांगाड्याला, धरलेल्या वेगळ्या उघडत्या दांड्यावर (आर्मवर) टांगायची. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकाने ३४,००० सांगितले. दुसरा १८,००० त करून देत होता, पण आर्म फिरतो त्या सांध्यात नुसता बुश, म्हणजे साधी नळी. आपल्या खड्ड्यांत बुश झिजायला किती वेळ लागतो? एकदा झिजला की आर्म डुगडुगतो आणि रात्रंदिवस खडखडाट. मला वर-खाली टेपर बेअरिंग आणि ग्रीस भरायचं निपल असलेला हवा होता, बंद झाल्यावर रबरी स्टॉपरवर घट्ट बसणारा. मोबाइलवर एका पेजवर नेमका तोच दिसला, २६,५०० रुपयांना. ९,००० ला म्हणाला असता तर ढुंकूनही पाहिलं नसतं. हे भामटे आता भावही अभ्यास करून लावतात.

फोनवरचा माणूस मराठी बोलत होता, भोसरीत वर्कशॉप आहे म्हणाला. टायर केवढा, प्लेट किती बाहेर घेऊ, जेरी कॅनचं स्टँड हवं का, असलं सगळं त्याने स्वतःहून विचारलं. कुर्ल्याच्या दुकानदाराने यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. मग विश्वास कुणावर बसेल?

बुकिंगचे ५,००० यूपीआयने दिले. पैसे दुकानाच्या नाही, कुणा माणसाच्या नावावर गेले. विचारलं तर ‘करंट अकाउंटची लिमिट संपली साहेब, मेव्हण्याचं खातं आहे.’ (लिमिट पैसे पाठवणाऱ्याला असते हो! हे तेव्हा डोक्यात आलं नाही.) खात्याला दुकानाचं नाव नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, मग ते मेव्हण्याचं असो की खुद्द मालकाचं.

चार दिवसांनी व्हिडिओ आला. शेडमध्ये टेबलावर काळा कॅरिअर, पावडर कोटिंग झालेलं, मागे ग्राइंडरचा आवाज, आणि आर्मवर सेलोटेपने चिकटवलेला कागद. त्यावर स्केचपेनने माझ्या गाडीचा नंबर! तो नंबर बघितला आणि मी पाघळलो. १३,२५० लगेच पाठवले.

आता जे लिहितो त्याने अजून अंगाची आग होते. त्याच व्हिडिओत टायर बसवायच्या प्लेटला बोल्टची सहा भोकं होती. जिप्सीच्या डिस्कला (चाकाला) पाच नट असतात. हे जिप्सीवाल्याला झोपेतसुद्धा कळतं, आणि मला दिसलंही होतं! मी विचारलं. तो म्हणाला, ‘युनिव्हर्सल प्लेट आहे साहेब, तुमची पाच भोकं पाठवताना मारून देतो.’ आता युनिव्हर्सल प्लेटा खरंच मिळतात, बाजारात कुणालाही विचारा. पण त्यांना पाच-सहा दोन्ही बसतील असे लांबट खाचे असतात. आणि पावडर कोटिंग झाल्यावर कोण भोकं मारतो? मारलंत तर तिथून पहिल्या पावसात गंज. एवढं सगळं माहीत असलेला माणूस मी, त्या कागदावरच्या नंबरावर भुललो.

पुढे ‘ट्रान्सपोर्ट आणि पॅकिंग, माल मिळाला की परत’ म्हणून २,८५० घेतले. वर बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो पाठवला, नेमका नंबरच्या जागी अंधुक. नंतर बिल आलं. जीएसटीचे ४,७७० भरा, मगच माल सुटेल. बिल उघडलं आणि पोटात गोळा आला. विक्रेता भोसरीचा, मी मुंबईचा, आणि कर लावलाय आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या मालाचा. राज्यातल्या राज्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो. जीएसटी नंबर तर ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. महाराष्ट्राचा कोड २७. माझी नोकरीच हिशेबाच्या खात्यात, दिवसभर हेच बघतो. बिल पहिल्या दिवशी आलं असतं तर एक पैसा गेला नसता, म्हणून तर त्याने ते शेवटी पाठवलं. तुम्ही बिल आधी मागा, पैसे नंतर. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की मालकाचं नाव आणि पत्ता फुकटात दिसतो.

४,७७० दिले नाहीत. तासाभरात मी ब्लॉक.

खरा वैताग यानंतरचा. बँकेत गेलो. ‘पिन तुम्हीच टाकलात ना? मग आम्ही काय करणार?’ निदान समोरच्याचं खातं गोठवायला कळवा म्हटलं, तर अर्ज ठेवून जा. पोलीस ठाण्यात सांगितलं, हे सायबरवाल्यांकडे. तिथे गेलो तर म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं, पुन्हा ठाण्यातच जा. हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. हे बोललो तर साहेबांना राग आला. ‘एकवीस हजारांसाठी कायदा शिकवता का?’ आणि मग काय विचारावं? ‘गाडीत बदल करायची आरटीओची परवानगी घेतली होती का?’ अहो, कॅरिअर गाडीला लागला असता तर बदल झाला असता ना! चोर मोकळा, आणि उलटतपासणी माझी. अर्ज घेतला, शिक्का मारून प्रत मागितली तर शिक्का सापडेना.

तुमच्यावर वेळ आली तर ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तिथूनच रोखले जाऊ शकतात. मी आधी बँकेत गेलो आणि सकाळ तिथेच गेली. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा. चॅट पुसू नका, शिव्या देऊनसुद्धा नाही.

कॅरिअर हवाच असेल तर प्रत्यक्ष जाऊन बघा. स्पिंडल, म्हणजे आर्म ज्यावर फिरतो तो खुंट, नुसता बंपरच्या पत्र्याला आहे की चॅसीला, हे गाडीखाली वाकून बघा. टायर लावायला सांगा, आर्म पूर्ण उघडा आणि टोकाला धरून वर-खाली हलवा. खटखटला तर घेऊ नका. टायर बसल्यावर मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, तेही तिथेच बघा, नाहीतर पुढच्या नाक्यावर पावती ठरलेली.

परवा दुसऱ्याच नावाच्या एका पेजवर तोच व्हिडिओ दिसला. तीच सहा भोकं, तोच ग्राइंडर. कागदावर आता एमएच १२ चा नंबर आहे. पुण्यात कुणी कॅरिअर ‘बुक’ केला असेल तर पुढचा हप्ता पाठवू नका, आणि पाठवला असेल तर हे वाचणं सोडून आत्ता १९३० लावा.