प्लगचा गॅप: फिलर, चकती की तार?

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या डिकीत स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती मधल्या आणि बाजूच्या इलेक्ट्रोडमधली फट, मोजायची तीन साधनं असतात: ठरावीक जाडीच्या पात्यांचं फिलर गेज, नाण्याएवढी चकती आणि तारेचं गेज. तिन्ही वापरून झाली आहेत. यातलं कुठलं घ्यावं अशा विचारात कोणी असेल तर माझा अनुभव कदाचित कामी येईल. गाडी दुसरी असेल तर आकडा तिच्या पुस्तिकेतला घ्या. माझं इंजिन पॉइंटवालं (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे जुन्या पद्धतीचे पॉइंट असलेलं), १०८९ सीसीचं आहे, आणि गॅप मी ०.५ ते ०.६ मिमीच्या आसपास ठेवतो.

चकतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्वस्त आहे, किल्ल्यांच्या जुडग्यात मावते. पण तिची कड जाड होत जाते, त्यामुळे फिरवता फिरवता ती गॅपमध्ये रुतते आणि जरा जोर लागला की मोजतानाच गॅप वाढतो. शिवाय दाब मधल्या इलेक्ट्रोडवर येतो. भोवतालच्या चिनीमातीला तडा गेला की प्लग बाद. वाटेत अंदाज घ्यायला असू द्यावी, इतकंच.

फिलरची गोष्ट वेगळी आहे. पॉइंटची आणि टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट मोजायला तो लागतोच, म्हणजे तो तुमच्याकडे असणारच. आमच्याकडचे जुने मिस्त्री तर फिलरही काढत नसत. हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा, जाडी साधारण ०.६३ मिमी, गॅपमध्ये सरकवायचा आणि प्लग परत बसवायचा. त्यांचं काम चोख असायचं, पण तो हात रोज दहा गाड्या हाताळून तयार होतो. मी बरीच वर्षं फिलरवरच समाधानी होतो, आणि नव्या प्लगला आजही त्यात काही खोट काढता येत नाही.

अडचण वापरलेल्या प्लगची. एकदा सातारला निघालो होतो. सपाटीला गाडी छान पळत होती, पण खंबाटकीचा चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिन मिसिंग करायला लागलं. पाय थोडा उचलला की सुरळीत, दाबला की पुन्हा झटके. प्लग दोन दिवसांपूर्वीच साफ करून, फिलर लावून बसवले होते, म्हणून माझा संशय आधी कार्बोरेटरवर गेला, मग ठिणगीचं व्होल्टेज देणाऱ्या कॉइलवर. त्यात दोन रविवार गेले.

शेवटी प्लग उन्हात धरून नीट पाहिले. बाजूच्या इलेक्ट्रोडवर, मधल्याच्या बरोबर समोर, उथळ खळगा पडला होता. फिलरचं पातं रुंद आणि सपाट. ते खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकतं आणि हाताला अगदी बरोबर अडतं. ठिणगीला मात्र मधल्या इलेक्ट्रोडपासून खळग्याच्या तळापर्यंत उडी मारावी लागते. तारेचं गेज मागून आणलं, तर ०.०२८ इंचाची, म्हणजे ०.७ मिमीची तार आरामात आत गेली. फिलर त्याच प्लगला ०.६ सांगत होता. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, तितका जास्त व्होल्टेज लागतो, आणि वाढलेल्या गॅपला जुनी कॉइल पुरी पडत नाही. म्हणून सपाटीला काही कळलं नव्हतं.

हीच एक गोष्ट मला तारेकडे घेऊन गेली. गोल तार खळग्यात उतरते आणि खरा गॅप सांगते. गेजवर इलेक्ट्रोड वाकवायची खाच असते, तीही सोयीची. माझ्या गेजवरच्या तारा इंचात आहेत, त्यामुळे मी असं करतो: ०.०२२ची (०.५६ मिमी) हलकं घासत जायला हवी, ०.०२५ची (०.६३ मिमी) अडायला हवी. म्हणजे गॅप या दोन मापांच्या मध्ये आहे हे नक्की होतं.

तारेचे तोटे नाहीत असं नाही. प्रत्येक दुकानात मिळत नाही, मला तीन दुकानं फिरावी लागली. तार वाकली तर माप बिघडतं, म्हणून डबीत जपून ठेवावी लागते. आणि पॉइंटला तिचा उपयोग नाही. दर वेळी नवेच प्लग घालणाऱ्याला तिची गरज वाटणार नाही, हे मान्य. पण प्लग साफ करून पुन्हा वापरायची सवय असेल, आणि पद्मिनीवाले बहुतेक आम्ही तसेच, तर मी तरी फिलरच्या जोडीला तार घेईन आणि चकतीचे पैसे वाचवीन.

एक मात्र कुठलंही गेज घेतलंत तरी पाळा. गॅप कमी-जास्त करताना फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवा, मधल्याला टेकू देऊ नका. प्लग इंजिन पूर्ण गार झाल्यावरच खोला आणि बसवताना पहिले आटे नुसत्या बोटांनी फिरवा, कारण हेड (प्लग बसतो तो इंजिनचा वरचा भाग) मऊ ॲल्युमिनियमचं आहे आणि प्लग तिरका गेला तर त्याचे आटे खराब होतात.