मॉन्ट्रियल कॅनेडियन्सची 1976-77 वाली रेट्रो जर्सी : घ्या, पण पांढरी घ्या

पाचपैकी साडेतीन स्टार. कापडाला पाच, शिलाईला चार, आणि ज्याने कोणी ही 'ऑथेंटिक 1976-77' म्हणून विकायला ठेवलीये त्याच्या अभ्यासाला भोपळा, असा सगळा हिशोब करून साडेतीन. दुकान ऑनलाइन आहे, नाव घेत नाही. असल्या जुन्या जर्स्या विकणारे ढीगभर आहेत आणि माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो, त्यामुळे कुठूनही घेणार असाल तरी हे वाचून ठेवा.

आता हॉकी म्हटलं की आपल्या डोक्यात ध्यानचंद येतो, ते बरोबरच आहे, पण इकडे कॅनडात हॉकी म्हणजे फक्त बर्फावरची, दुसरी कुठली हॉकी असते हे सांगायला लागतं. गंमत बघा, 1976 च्या जुलैमध्ये ऑलिम्पिक्स याच मॉन्ट्रियलमध्ये झालं, आपली टीम इथे पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम टर्फवर खेळली आणि सातवी आली. तोवर आपण मेडलशिवाय परत यायचो नाही, म्हणजे आपल्या हॉकीचे दिवस फिरले ते या गावात. आणि त्याच गावात दोन-तीन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, या बर्फावरच्या लोकांचा, म्हणजे कॅनेडियन्सचा, एनएचएलमध्ये (इथली सर्वात मोठी बर्फावरची हॉकी लीग) असा एक सीझन सुरू झाला की अजूनही सर्वात भारी टीम कुठली असा वाद निघाला की पहिलं नाव तेच निघतं. 80 मॅच, 60 जिंकल्या, 12 बरोबरीत, हरल्या फक्त 8. पॉइंट्स 132. गोल केले 387, खाल्ले 171. तेव्हा लीगच्या साध्या मॅचना ओव्हरटाइम नव्हता, तो फक्त प्लेऑफमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांत, 60 मिनिटं संपली की बरोबरी तर बरोबरी, नाहीतर त्या 12 मधल्याही निम्म्या यांनी मारल्या असत्या असं माझं मत.

तर जर्सी.

पहिली गोष्ट रंग. सगळे लाल घेतात. दुकानाच्या पानावरही लालच आधी दिसते, छातीवर निळा पट्टा असलेली, ती सगळ्यांना माहीत असते, पांढरी शोधायला खाली खाली जावं लागतं. मी पांढरी घेतली, आणि घरी सगळ्यांनी विचारलं की कॅनेडियन्सची जर्सी पांढरी कशी, सापडली नाही का लाल. अरे बाबांनो, 1970 पासून पुढे तीसेक वर्षं या लीगमध्ये घरची टीम पांढऱ्यात खेळायची आणि पाहुणे रंगीत. म्हणजे मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये, त्यांच्या घरच्या स्टेडियममध्ये, सेंट कॅथरीन आणि अ‍ॅटवॉटरच्या कोपऱ्यावर, जी काय दादागिरी त्या वर्षी चालली ती सगळी पांढऱ्यात. लाल घालून ते दुसऱ्याच्या गावाला जायचे. घरच्या 40 मॅचमधल्या 33 जिंकल्या, 6 बरोबरीत आणि हार एकच. त्यामुळे हा सीझन अंगावर घालायचा असेल तर पांढरी, यावर माझ्याशी वाद घालू नका. एक सूट देतो, लीगचा विजेता ठरवणारा स्टॅनली कप त्यांनी बोस्टनमध्ये जिंकला, म्हणजे लाल घालून, तर ज्याला कपवाली रात्र हवी त्याने लाल घ्यावी, चालेल.

पांढरीवर पट्टा नाही, नुसता सी-एच, त्यामुळे तो लोगो नीट शिवलेला असणं फार महत्त्वाचं आहे, लपायला जागाच नाही त्याला. इथे पैसे वसूल. छापलेला नाहीये, जाड पॅच आहे, थरावर थर, लाल सी, त्याच्या पोटात पांढरा एच आणि बाहेरून निळी कड, बोट फिरवलं की प्रत्येक थर वेगळा लागतो. आतल्या बाजूने बघितलं तर अस्तर लावलंय, टोचत नाही. फक्त एचच्या खालच्या डाव्या पायाशी टाका संपवताना कारागिराने घाई केलीये, दोन-तीन दोरे बाहेर लोंबत होते, कात्रीने कापले, विषय संपला. कापड जाड विणीचं, वजनदार, हल्लीच्या हवेशीर जाळीसारखं नाही. इथल्या जानेवारीत आत एक थर्मल घातलं की झकास. जुलैमध्ये मात्र घालायच्या भानगडीत पडू नका.

साइज: एक नंबर लहान घ्या. या जर्स्या आत खांद्याचे पॅड असणार असं धरून कापलेल्या असतात. मी नेहमीचा एल घेतला तर बाह्या नखांपर्यंत, बायको म्हणाली झबलं शिवलंय का कोणी.

आता तक्रार. मी ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, नंबर 10 आणि पाठीवर नाव नको. आलं काय तर ठसठशीत 'लाफ्लूर', म्हणजे गी लाफ्लूर, त्या टीमचा सगळ्यात मोठा स्टार. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, सर, नावाशिवाय कोणाला कळणार कोणाची जर्सी आहे. अहो, मॉन्ट्रियलमध्ये दहा नंबर कोणाचा हे कळायला नाव लागतं? सगळ्या टीम्सना पाठीवर नाव लावायची सक्ती झाली ती 1977-78 च्या सीझनपासून, म्हणजे मी ज्या वर्षाची मागवली त्याच्या पुढच्या वर्षी. आणि तेव्हाही टोरोंटोचा मालक हॅरल्ड बॅलर्ड अडून बसला होता, नावं लावली तर मॅचचं माहितीपत्रक कोण विकत घेणार म्हणून, आणि लीगने दंडाचा धाक दाखवल्यावर त्याने निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरात नावं लावून टीम मैदानात उतरवली. असला खट माणूस! माझ्या दुकानदाराला म्हटलं, बॅलर्डसारखं पांढऱ्यावर पांढरं तरी लावायचं होतंस. त्याला काय ते कळलं नाही. बदलून द्यायला तयार होते पण पाठवायचा खर्च माझ्या माथी, म्हणून राहू दिली.

त्याच्याबरोबर एक चकचकीत कार्ड येतं, 'द सीझन' म्हणून, त्यावर माहिती. ते कार्ड वाचून माझं डोकं फिरलं. एक, त्यावर 82 मॅचचा सीझन लिहिलंय, तेव्हा 80 असायच्या. दोन, 'घरच्या मैदानावर अजिंक्य' असं लिहिलंय. नाही हो! एक हरले ना, ऑक्टोबरच्या शेवटी, बोस्टनकडून, 4-3. त्यानंतर मात्र नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत घरच्या सलग 34 मॅचमध्ये कोणाला जिंकू दिलं नाही, 28 विजय आणि 6 बरोबरी. ती एक हार पुसून टाकली की सगळी मजाच जाते, कारण मे महिन्यात फायनलला समोर आले ते तेच बोस्टनवाले, कोच डॉन चेरीची टीम, आणि यांनी त्यांना चार मॅच विरुद्ध शून्य असं धुतलं. शेवटची मॅच 14 मे 1977, बोस्टनमध्ये, 1-1 वर ओव्हरटाइम, लाफ्लूरचा पास आणि जाक लमेरचा गोल, खेळ संपला. मॉन्ट्रियलचा पहिला गोलही लमेरचाच होता. नाव मात्र सगळीकडे लाफ्लूरचं होतं, प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

तीन, आणि हे सगळ्यात वाईट, कार्डावर लाफ्लूर म्हणून जे चित्र आहे त्यातल्या माणसाने हेल्मेट घातलंय, वर काचही. गी लाफ्लूर आणि हेल्मेट! पहिली दोन-तीन वर्षं घालायचा तेव्हा लोक म्हणायचे पोरगा अपेक्षेला उतरला नाही, मग काढलं आणि जो सुटला तो सुटला. सोनेरी केस मागे उडतायत, उजव्या बाजूने निघालाय आणि फोरममधले सगळे 'गी, गी, गी' करतायत, जुनी क्लिप बघा कुठलीही, हेच दिसेल. त्या सीझनला 56 गोल आणि 80 असिस्ट, 136 पॉइंट्स, लीगमध्ये पहिला. त्याच्या डावीकडे स्टीव्ह शट, त्याने 60 गोल मारले आणि तरी लोकांच्या तोंडी दुसराच, नशीब म्हणतात ते हे.

लाफ्लूर मिळाला कसा ही कथा कार्डावर हवी होती, ती नाही. सॅम पोलॉक म्हणून जनरल मॅनेजर होता, महा धूर्त. त्याने कॅलिफोर्नियाच्या टीमकडून 1971 च्या ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडायची पाळी, तळाच्या टीमला पहिला हक्क) त्यांची पहिली निवड आधीच घेऊन ठेवली, ही टीम तळाला जाणार आणि पहिली निवड आपल्याला मिळणार या हिशोबाने. मग सीझन चालू असताना दिसलं की लॉस एंजेलिसवाले कॅलिफोर्नियाच्याही खाली घसरतायत. यांनी काय करावं, आपला अनुभवी राल्फ बॅकस्ट्रॉम लॉस एंजेलिसला देऊन टाकला! ते सावरले, कॅलिफोर्निया तळाला, लाफ्लूर खिशात. आणि त्याच ड्राफ्टमध्ये विसाव्या नंबरला लॅरी रॉबिन्सन. विसाव्या! या माणसाचा 1976-77 चा प्लस-मायनस अधिक 120 आहे, म्हणजे पॉवर-प्लेवरचे (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाचे) गोल सोडले तर तो बर्फावर होता तेव्हा यांनी केलेले गोल खाल्लेल्या गोलांपेक्षा 120 ने जास्त. आणि हा डिफेन्समन आहे बरं का. त्याच्या जोडीला सर्ज सावार आणि गी लापॉइंट, तिघांना 'बिग थ्री' म्हणायचे. त्यांच्या मागे गोलमध्ये केन ड्रायडन, सहा फूट चार इंच, शिकलेला वकील, जो तीन वर्षं आधी पगारावरून बिनसलं म्हणून अख्खा सीझन सोडून टोरोंटोला वकिलीची उमेदवारी करत बसला होता. खेळ थांबला की काठी उभी धरायची, तिच्या टोकावर दोन्ही हात, त्यावर हनुवटी, आणि निवांत. त्या वर्षी तो 6 मॅच हरला. सहा!

लोक म्हणतात तेव्हा लीग पातळ झाली होती, 18 टीम्स, शिवाय दुसरी लीग चांगले खेळाडू पळवत होती, दोन टीम्स तर त्याच वर्षी गाव बदलून क्लीव्हलंड आणि कोलोराडोला गेल्या, मग 60 जिंकण्यात काय मोठं. थोडं खरं आहे. पण मग बाकीच्या 17 जणांनाही तीच पातळ लीग मिळाली होती की. 132 पॉइंट्स शेवटी बोस्टननेच मोडले, 2022-23 ला 135 करून, आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत फ्लोरिडाकडून घरी गेले. 1977 च्या प्लेऑफमध्ये कॅनेडियन्स 14 मॅच खेळले आणि 2 हरले, दोन्ही न्यूयॉर्क आयलंडर्सकडून.

आणि हे सगळं चालू असताना बाहेर गाव शांत होतं असं नाही. नोव्हेंबर 1976 मध्ये रने लेव्हेकचा पक्ष निवडून आला, ज्याला क्वेबेक वेगळा हवा होता. मतमोजणीच्या रात्री फोरममध्ये मॅच होती, निकाल बोर्डावर झळकला तेव्हा हजारो लोक उठून ओरडायला लागले आणि हजारो तसेच बसून राहिले, एरवी गोल झाला की हेच सगळे एकदम उठायचे. ड्रायडनने हे लिहून ठेवलंय. टीममध्येही फ्रेंच-इंग्लिश दोन्ही होते आणि ते एकत्र जिंकत होते. माझा इथला शेजारी, सत्तरीचा फ्रेंच माणूस, राजकारणावर अवाक्षर काढत नाही पण मी ही जर्सी घालून कचरा टाकायला गेलो तर थांबवून सावारवर अर्धा तास बोलला.

ही जर्सी घेणाऱ्यांना माझा सल्ला, दहा नंबर सगळेच घेतात, तेवीस घ्या. बॉब गेनी. गोलांच्या यादीत तो फार वर सापडणार नाही. समोरच्या टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू याच्या गळ्यात बांधायचा, आणि मग तो मोठा खेळाडू त्या रात्री कुठे होता ते शोधत बसायचं. आपला एकनाथ सोलकर शॉर्ट लेगला उभा राहायचा ना, बेदीच्या विकेटीत निम्मा वाटा त्याचा, तसं काम. पुढच्या वर्षी लीगने बचाव करणाऱ्या फॉरवर्डसाठी वेगळी ट्रॉफीच काढली आणि पहिली चार वर्षं ती यालाच. कोच स्कॉटी बोमनचं सगळं गणित असल्या लोकांवर उभं होतं, गेनी, डग जार्विस. कार्डावर या दोघांचं नावही नाही, म्हणून अर्धा स्टार मी तिथे अजून कापणार होतो, पण शिलाई खरंच चांगली आहे.

धुताना उलटी करून, थंड पाण्यात, ड्रायरमध्ये अजिबात नाही, पॅच आक्रसतो. किंमत टॅक्स धरून दीडशे डॉलरच्या थोडी वर, डिसेंबरच्या शेवटी सेल लागतो तेव्हा बरीच खाली येते, थांबता येत असेल तर थांबा. मुलांच्या साइजमध्ये पांढरी नाहीच, फक्त लाल. ऑर्डर फॉर्मवर नाव नको असेल तर ती चौकट नुसती रिकामी सोडू नका, मेल करून लेखी कबूल करून घ्या. कार्ड आलं की फेकून द्या.