नाशिकमध्ये नऊ महिने आणि पाहुण्यांच्या अकरा तुकड्या

नोकरीमुळे गेल्या ऑगस्टात नाशिकला राहायला आले. गंगापूर रोडवर भाड्याचा फ्लॅट, तिथून वायनऱ्या, म्हणजे वाईन बनवणारे कारखाने, जवळ. मग काय, मेपर्यंत पाहुण्यांच्या अकरा तुकड्या येऊन गेल्या आणि प्रत्येकीला पहिल्याच सकाळी द्राक्षाचे मळे बघायचे होते. माझं मत आता पक्कं झालंय: वाईनला एक दुपार द्या, तीही आडवारी. उरलेला वेळ गावात घालवा.

पहिल्या तुकडीचा पार पचका झाला, चूक माझीच. जोडून सुट्टी साधून भाऊ-वहिनी २ ऑक्टोबरला आले. गांधी जयंतीला राज्यात ड्राय डे असतो हे मला गेटपाशी आठवलं! आत बागेत बघावं तर नुसत्या काड्या. इथे वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. लगडलेले घड बघायचे तर जानेवारी ते मार्चची सुरुवात, दुसरा मुहूर्त नाही.

फेब्रुवारीत सासूबाई आल्या. त्या तासगावकडच्या, बेदाण्याच्या घरातल्या. बाग दाखवणाऱ्या मुलाने त्यांच्या हातावर शिराझ या वाईनच्या द्राक्षाचे चार मणी ठेवले. वाटाण्याएवढे, काळेभोर. त्यांनी एक तोंडात टाकला, चावला आणि बी तळहातावर काढून मला दाखवली. "अगं, ह्याला बिया आहेत. आणि साल बघ केवढी जाड! हे बाजारात कोण घेणार?" तो मुलगा हसला. रेड वाईनला रंग आणि तुरटपणा या सालीतूनच येतो, रस सालीबियांसकट आंबवतात, असं त्याने समजावलं. सासूबाईंनी वाईनला हात लावला नाही, पण वाईन आंबवण्याच्या टाक्यांपुढे अर्धा तास उभं राहून प्रश्न विचारत होत्या. अकरा तुकड्यांतली ही सगळ्यात चांगली फेरी.

कुठे जायचं? पहिल्यांदा येणारे सुला वायनरीला जाणारच. तिचे संस्थापक राजीव सामंत यांनी १९९०च्या दशकात इथे वाईनची द्राक्षं लावली नसती तर नाशिकचं नाव या धंद्यात निघालं नसतं, तेव्हा तो मान द्यायला हवा. फक्त शनिवार-रविवारी या सगळ्या पट्ट्यातच गर्दी उसळते. मी स्वतः पुन्हा पुन्हा गेले ती यॉर्क वायनरीला. जागा लहान, समोर गंगापूर धरणाचं पाणी, आणि चव घेताना मागे कोणी ताटकळत नसतं. झणझणीत खाणाऱ्यांनी शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन घ्यावी, तिचा किंचित गोडवा तिखटाला सांभाळून घेतो. पूर्ण दिवस हाताशी असेल तर इगतपुरीकडे मुकणे धरणाजवळची व्हॅलोने वायनरी. परतीच्या गाडीची सोय मात्र आधी करा. संध्याकाळनंतर त्या रस्त्याला टॅक्सी मिळता मिळत नाही, आणि पिऊन स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

आता खाणं, म्हणजे मिसळ. साधनाची चुलीवरची मिसळ पाहुण्यांना आवडते. मोकळी जागा, पोरांना पळायला अंगण. मी एकटी असले की पंचवटीत अंबिकाला जाते, तिथला काळ्या मसाल्याचा रस्सा डोक्यापर्यंत चढतो. पापड, दही, पाव आणि रस्सा पुन्हा मागायचा. पुणेकर भावाने फरसाणावरून वाद घातला, दुसरा रस्सा आल्यावर गप्प झाला. त्यावर बुधा हलवाईची गरम जिलबी, आणि मेन रोडला गेलात तर सायंतारचा साबुदाणा वडा. हॉटेलांतल्या पास्ता-पिझ्झाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

खरेदीला भांडी बाजार. तांब्या-पितळेच्या दुकानांतून ठोकण्याचा आवाज येत असतो, वजनावर भाव ठरतो. पितळी पातेलं मी तीन फेऱ्यांनंतर घेतलं, कल्हई करून. घरी न्यायला कोंडाजीचा चिवडा. पैठणी घ्यायची असेल तर सरळ येवल्याला जा, दीड-दोन तासांची वाट आहे.

राहण्याबाबत जरा जपून. वायनऱ्यांचे स्वतःचे रिसॉर्ट सुंदर आहेत पण खिसा हलका होतो. आडवारी दर थोडे खाली येतात. आई-बाबांना पंचवटीत साधं हॉटेल घेऊन दिलं, पहाटे रामकुंडावर आणि मग काळाराम मंदिरात पायी जाता आलं, ते खूश. मैत्रिणींसाठी मात्र धरणाच्या बॅकवॉटरला एक घर बुक केलं होतं, फोटोत दारापर्यंत पाणी. आम्ही गेलो मेमध्ये. पाणी पार लांब सरकलेलं, मधे भेगाळलेला चिखल आणि त्यात चरणाऱ्या म्हशी. मालक म्हणाले, फोटो सप्टेंबरचा आहे. उन्हाळ्यात येणार असाल तर आजचा फोटो मागवा.

एक शेवटचं, हेही स्वतःच्या चुकीतून. एप्रिलमध्ये मुंबईच्या काकांसाठी घेतलेल्या दोन बाटल्या डिकीतच राहिल्या, गाडी दिवसभर उन्हात. काकांनी संध्याकाळी उघडली, एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "व्हिनेगर आणलंस का?" दुसरी बाटली मी हळूच सिंकमध्ये ओतली. आता पाहुण्यांच्या गाडीत बर्फाचा डबा आहे का, हे मी आधी विचारते.